ऑक्सिजन संपताना जागे होणारे प्रथिन

आमच्या आचोळ्यात क्षयरोगाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो, अंगावर थोडे मांस चढते, थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनासे होतात. मग उरलेले चार महिने गोळ्या कशासाठी? आरोग्यसेविका सांगते, कोर्स पूर्ण करायचा असतो. ही आज्ञा झाली, कारण नव्हे. आमच्या शेजारच्या चाळीत राहणाऱ्या एका रिक्षावाल्या तरुणाने तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या. वर्षाच्या आत खोकला परतला तेव्हा तो मला म्हणाला, "काका, मी तर बरा झालो होतो. मग हे आले कुठून?"

मी डॉक्टर नाही आणि प्रयोगशाळेत काम केलेला माणूसही नाही. वाचनाची सवय तेवढी आहे. या 'कुठून'चा माग काढत गेलो आणि एका प्रथिनापाशी येऊन थांबलो. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

आधी औषधाकडे पाहू. आयसोनियाझिड हे क्षयावरचे जुने आणि खात्रीचे औषध. क्षयजंतूच्या भोवती मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचे जाड आवरण असते. ते आवरण बांधण्याचे काम हे औषध बंद पाडते. वाढणारा जंतू त्यामुळे मरतो. पण ज्या इमारतीचे बांधकामच थांबलेले आहे, तिथे येणारी सिमेंटची गाडी अडवून काय साधणार? वाढ थांबवून बसलेल्या जंतूला आयसोनियाझिड जवळजवळ काहीच करत नाही.

इथे एक घोळ होतो, तो निस्तरला पाहिजे. औषधांना दाद न देणारा क्षय म्हटले की आपल्याला मुंबई आठवते. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस हाती असलेल्या सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. त्या जंतूंच्या जनुकांत बदल झालेले असतात, ते बदल त्यांच्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. मी सांगतो आहे तो प्रकार वेगळा. यात जनुकात एका अक्षराचाही बदल होत नाही. तोच जंतू, तीच जनुके, फक्त त्यांतली वेगळी जनुके चालू झालेली. तोच जंतू पुन्हा वाढू लागला की तेच औषध त्याला मारते. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही, पण प्रत्येक साध्या क्षयरुग्णाच्या सहा महिन्यांमागे हाच प्रकार आहे.

क्षयजंतू थांबू शकतो, हे फार आधीपासून ठाऊक होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे ठेवला. (त्याला पाच वर्षेही झाली नव्हती तेव्हा पुण्यात आनंदीबाई जोशी याच रोगाने गेल्या, एम.डी. होऊन आलेल्या बाईंच्या हाती देण्यासारखे एकही औषध जगात नव्हते.) पुढे १९३३ साली अमेरिकेतील कॉर्पर आणि कोन या दोघांनी एक साधी पण विलक्षण गोष्ट छापली. त्यांनी क्षयजंतूंचे द्रावण बंद बाटल्यांत घालून शरीराइतक्या उबेत ठेवून दिले होते. बारा वर्षांनी उघडले तेव्हा काही बाटल्यांतले जंतू जिवंत होते आणि रोग निर्माण करण्याची त्यांची ताकदही शाबूत होती. बारा वर्षे हवा नाही, नवे अन्न नाही.

हे विशेष का, तर क्षयजंतू हा ऑक्सिजनचा लोभी आहे. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला ऑक्सिजन सर्वांत जास्त, आणि प्रौढ माणसाचा क्षय बहुधा तिथेच बस्तान मांडतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी छातीत सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरायची आणि फुप्फुस दाबून बंद ठेवायचे, असा उपचार असे. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी तो रूढ केला. फुप्फुसाला विश्रांती द्यावी हा त्यामागचा विचार होता. जंतूंचा ऑक्सिजनही त्यामुळे तुटत असणार. काही रुग्ण खरोखर बरे वाटू लागत, आणि त्यातल्या काहींचा रोग पुढे उलटत असे. आता त्याचे नवल वाटत नाही.

कॉर्पर-कोन यांच्या बाटल्यांत नेमके काय घडत होते, याचा छडा लावण्यात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स वेन यांनी आयुष्य घालवले. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की वाचताना हसू येते. काचेची नळी घ्यायची. तिच्यात जंतूंचे द्रावण आणि वर ठरावीक मापाची हवा ठेवून तोंड घट्ट बंद करायचे. आत एक बारीकशी चुंबकी काडी सावकाश फिरत ठेवायची, एवढीच की जंतू तळाला बसू नयेत. मेथिलीन ब्लू हा निळा रंग टाकायचा. ऑक्सिजन संपला की तो रंगहीन होतो. मग वाट पाहायची. बाहेरून ऑक्सिजन कुणी काढून घेत नाही, जंतू आपला आपणच तो संपवतात.

या नळीने दोन गोष्टी दाखवल्या. ऑक्सिजन एकदम तोडला तर क्षयजंतू लवकर मरतात. तोच हळूहळू संपू दिला तर ते तगतात. म्हणजे तयारीला अवधी मिळाला पाहिजे. आणि ही तयारी पायऱ्यांनी होते. वेन आणि हेज यांनी १९९६ साली या पायऱ्या मांडल्या: द्रावणातला ऑक्सिजन पूर्ण प्रमाणाच्या सुमारे एक टक्क्यावर आला की जंतू दुप्पट होणे थांबवतो, ०.०६ टक्क्यावर आला की आणखी खोल उतरतो. त्या तळाच्या पायरीवर आयसोनियाझिड निकामी ठरते. उलट आमांशावर घराघरांत घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल, जे वाढत्या क्षयजंतूला काहीच करत नाही, ते तिथे मारक ठरते.

आपल्या शरीरात अशी नळी कुठे असते? जंतू फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, त्यांच्याभोवती आणखी पेशी गोळा होतात आणि एक गाठ तयार होते. गाठ मोठी झाली की तिचा मध्य मरतो आणि कुस्करलेल्या पनीरसारखा होतो. तिथपर्यंत रक्तवाहिनी पोहोचत नाही. गिनिपिग, ससे आणि माकडे यांच्या अशा गाठींत ऑक्सिजन खरोखर कमी असतो, हे २००८ साली थेट दाखवले गेले. आपण जंतूला कोंडतो, आणि कोंडल्यामुळेच त्याला थांबायची खूण मिळते.

ही खूण वाचतो कोण?

त्यासाठी जनुक 'चालू होते' म्हणजे काय ते पाहावे लागेल. क्षयजंतूच्या डीएनएत सुमारे ४४ लाख अक्षरे आणि चार हजारांच्या आसपास जनुके आहेत. १९९८ साली ही सगळी संहिता वाचून झाली. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे करायचे याचा लेख. मूळ पोथी बाहेर काढायची नसते, हव्या त्या पानाची नक्कल करून कामाला घ्यायची. नक्कल उतरवणारा लेखनिक म्हणजे आरएनए पॉलिमरेज हे प्रथिनांचे यंत्र, आणि या नक्कल करण्याला परिभाषेत प्रतिलेखन म्हणतात. कुठल्या पानापासून सुरुवात करायची ते लेखनिकाला सिग्मा नावाचा जोडीदार दाखवतो. पण काही पानांच्या आरंभाची खूण फिकट असते. तिथे लेखनिकाला बोट धरून बसवणारा तिसरा कुणी लागतो. आपल्या कथेतले प्रथिन हा तो तिसरा.

आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत हे काम एफएनआर नावाचे एकच प्रथिन करते. त्याच्या पोटात लोखंडाचे आणि गंधकाचे चार-चार अणू मिळून एक छोटा ठोकळा असतो. ऑक्सिजन आला की ठोकळा मोडतो आणि प्रथिनाची जोडी फुटते. ऑक्सिजन गेला की ठोकळा शाबूत राहतो, जोडी जमते, डीएनएवर बसते आणि ऑक्सिजनवाचून जगण्याची जनुके चालू करते. जाणणारा आणि बटण दाबणारा एकच.

क्षयजंतूने ही कामे वाटून दिली आहेत. बटण दाबणाऱ्या प्रथिनाचा शोध दिल्लीत लागला, आणि तो ऑक्सिजनच्या मागावर असताना लागलाच नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जया शिवस्वामी त्यागी यांच्या गटापुढे प्रश्न वेगळा होता. १९०५ साली अमेरिकेतल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या क्षयजंतूच्या वाणापासून दोन भावंडे निघाली होती: एक रोगकारक, एक निरुपद्रवी. रोगकारक भावात कोणती जनुके अधिक बोलतात? वजाबाकीच्या पद्धतीने त्यांनी ती वेगळी काढली आणि १९९३ साली छापली. 'रोगकारक वाणात वेगळी व्यक्त होणारी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून नाव पडले डेव्ह. पुढे २००० साली याच गटाने डेव्हआर आणि डेव्हएस ही जोडी म्हणजे निरोप्या आणि कारभारी आहेत हे मांडले. तिकडे अमेरिकेत डेव्हिड शेरमन यांच्या गटाने २००१ साली दाखवले की ऑक्सिजन कमी करताच क्षयजंतूची शंभराहून अधिक जनुके वर-खाली होतात, आणि त्यातल्या एका प्रमुख जनुकाच्या चालू होण्यामागे हेच प्रथिन आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी त्याला डॉसआर म्हटले. त्या नावात सुप्तावस्थेत तगून राहणे आहे. संहितेतला त्याचा क्रमांक आरव्ही ३१३३सी. कागदावर एक नाव, माहेरचे एक, सासरचे एक, तसे हे आहे. जगात डॉसआर रुळले. मी मात्र डेव्हआरच म्हणतो, माहेरच्या नावाचा अभिमान म्हणा.

आता प्रत्यक्ष घटना. जंतूच्या पेशीत दोन पहारेकरी असतात, डॉसएस (म्हणजेच डेव्हएस) आणि डॉसटी. दोघांच्याही पोटात हीम आहे, आपल्या रक्ताला लाल करणारे तेच लोहयुक्त हीम. कोविडच्या दिवसांत आपण बोटाला ऑक्सिमीटर लावून बसत होतो. ऑक्सिजन धरलेले आणि सोडलेले हीम वेगळ्या रंगाचे असते, यावर ते यंत्र चालते. डॉसटी हा जंतूच्या आतला ऑक्सिमीटर समजा. हीमला ऑक्सिजन चिकटलेला आहे तोवर तो गप्प. ऑक्सिजन सुटला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि तो एक फॉस्फेट स्वतःच्या अंगावर, हिस्टिडीन नावाच्या घटकावर, चढवून घेतो. डॉसएस नेमके काय मोजतो यावर संशोधकांत वाद झाला: काहींच्या मते ऑक्सिजनच, काहींच्या मते पेशीतली एकूण ऑक्सिडीकरणाची स्थिती. डॉसटी आधी बोलतो आणि डॉसएस पुढे काम ओढतो, असे मात्र दिसले आहे.

पहारेकऱ्याने घेतलेला फॉस्फेट डेव्हआरच्या हाती जातो, त्याच्या साखळीतल्या चौपन्नाव्या घटकावर. आजवर डेव्हआर घडी घालून बसलेला असतो. डीएनए धरायचा भाग आत दडलेला. फॉस्फेट लागताच घडी उलगडते आणि दोन डेव्हआर एकमेकांना बिलगतात. ही जोडी डीएनएवर वीस अक्षरांची एक खूण शोधते. त्या खुणेचा गाभा असा: जी-जी-जी-ए-सी-टी, मध्ये थोडी जागा, मग ए-जी-टी-सी-सी-सी. 'चिमा काय कामाची' आपण लहानपणी उलटसुलट वाचायचो, त्याच जातीची ही रचना. फरक एवढाच की डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात आणि उलट वाचन समोरच्या धाग्यावर करायचे असते. दोन्ही बाजूंनी सारखाच मजकूर का, तर बसणारे दोघे आहेत आणि दोघांनाही तीच बैठक हवी. एका जनुकापुढे अशा खुणा बहुधा एकापेक्षा जास्त असतात. एक जोडी बसली की दुसरीला बसणे सोपे जाते. मग डेव्हआर शेजारच्या सिग्माला स्पर्श करतो, लेखनिक जागेवर ठाकतो आणि नक्कल सुरू होते. जी जनुके चालू होतात त्यात डेव्हआरचे स्वतःचेही आहे, त्यामुळे आरंभ झाला की जोर वाढतच जातो.

यात एक उपकथानक मला फार आवडते. वसईत भाताची कापणी झाली की उरलेल्या ओलीवर वाल पेरायची जुनी रीत. शेंगवर्गातल्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात आणि त्यासाठी त्यांना कमी ऑक्सिजन हवा असतो. तो कमी झाल्याचे ओळखायला त्यांच्याकडेही हीम असलेला पहारेकरी आणि फॉस्फेट घेणारा कारभारी अशीच जोडगोळी आहे, फिक्सएल आणि फिक्सजे. आचोळ्यातली शेते आता इमारतींखाली गेली. पण ज्या मातीत एकेकाळी ही यंत्रणा वाल पोसत होती, तिच्यावरच्या चाळींत तिची चुलत बहीण फुप्फुसातल्या गाठीत काम करते आहे.

डेव्हआरच्या हाताखाली सुमारे ४८ जनुके येतात. ती काय करतात? आमच्या कोळीवाड्यांत पावसाळ्याआधी आगोट भरतात: सुके बोंबील, सुकट, मसाला, सरपण. समुद्र बंद होणार हे ठाऊक असते. जंतू तेच करतो. एक जनुक चरबी साठवणारे विकर बनवते. एक नायट्रेट आत घेण्याची वाट उघडते, कारण ऑक्सिजनच्या जागी निभावण्यापुरते नायट्रेट चालते. सर्वांत जोरात चालू होते ते एचएसपीएक्स, आपल्या डोळ्यांच्या भिंगातल्या प्रथिनाचे दूरचे नातलग. इतर प्रथिनांना गोळा होऊन बिघडण्यापासून ते सांभाळते. बऱ्याच जनुकांचे काम अजून उलगडलेले नाही.

'सुप्त' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. झोप आपोआप लागते. इथे मोजमाप आहे, निरोप आहे, आणि आवराआवर आहे. शिवाय निरोप फक्त ऑक्सिजनच्या कमतरतेचा नसतो. आपल्या भक्षक पेशी जंतूवर नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतात. कार्बन मोनॉक्साइडही पेशींत तयार होतो. दोन्ही त्याच हीमला चिकटतात आणि तेच बटण दाबले जाते.

सगळे श्रेय एकट्या डेव्हआरला देऊ नये. एका दिवसातच त्याच्या सुमारे निम्म्या जनुकांचा आवाज उतरतो आणि दोनशेवर वेगळी जनुके पुढचा मुक्काम सांभाळतात, हे २००८ साली दिसले. डेव्हआर काढून टाकलेले जंतू काही प्रयोगांत उंदरांत चांगले तगले, आणि काही काळ हा सगळा डोलारा फोल वाटू लागला. पण साध्या प्रयोगशाळेतल्या उंदराच्या फुप्फुसात माणसासारख्या ऑक्सिजनहीन गाठी होतच नाहीत. ज्यांच्यात त्या होतात त्या माकडांत २०१५ साली तपासले तेव्हा डेव्हआरविना जंतू टिकाव धरू शकला नाही. मला हा पुरावा वजनदार वाटतो.

इथे आचोळ्यापुरते एक स्पष्टीकरण. आमच्याकडे दोन इमारतींत हात घालण्याइतकी जागा, खिडकी उघडली की समोरची भिंत. 'खोलीत ऑक्सिजन कमी, म्हणून टीबी' असे लोक बोलतात, आणि माझ्या या लेखामुळे तसा समज पक्का होऊ नये. कोंदट खोलीतल्या हवेत ऑक्सिजन इतका घटत नाही की गाठीतल्या जंतूला त्याची जाणीव व्हावी. कोंदटपणाचे पाप वेगळे आहे: खोकल्यातून उडालेले जंतू तिथे विरळ न होता तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाश त्यांना मारायला पोहोचत नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात दाटीच्या, उजेड-वाऱ्यापासून तुटलेल्या इमारतींचा आणि क्षयाचा संबंध दाखवला गेला आहे. खिडकी रोग पसरणे अडवते. आत शिरलेला जंतू जागा होण्याचे कारण बहुतेक वेळा कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, दारू यांत असते. जंतू शिरलेल्यांपैकी शंभरात पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. पण पाव जगाच्या अंगात तो शिरलेला आहे असा अंदाज असल्याने हे पाच-दहाही थोडे नाहीत.

औषधाचे काय? थांबलेल्या जंतूवर औषध तपासायचे तर आधी थांबलेले जंतू हाताशी हवेत आणि ते जिवंत आहेत की मेले हे झटपट कळायला हवे. नुसते वाढवून पाहायचे तर आठवडे जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अर्शद खान आणि धीमान सरकार यांनी २००८ साली एक सोय केली. बीसीजी लसीतला जंतू, वेन यांची पद्धत, आणि छोट्या खळग्यांच्या तबकड्या. वर सांगितलेली नायट्रेटची वाट इथे उपयोगी पडली: जिवंत जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतो आणि नायट्राइट रसायनाने गुलाबी दिसते. आगोटीतल्या एका डब्यावरून घरात माणूस आहे की नाही ते ओळखावे, तसे. अशा चाळणीतून एकाच वेळी वाढत्या आणि थांबलेल्या, दोन्ही जंतूंवर चालणारी संयुगे शोधता येतात.

दिल्लीच्या गटाने डेव्हआरलाच डीएनएवर बसू न देणारी संयुगे शोधली. त्यांचे औषध अजून झालेले नाही. थांबलेल्या जंतूलाही थोडी ऊर्जा लागतेच, आणि ती बनवणारे चक्र बेडाक्विलिन अडवते. प्रेटोमॅनिडची कथा तर न्यारी आहे. ते जंतूच्या आत शिरल्यावर त्याच्याच एका विकराकडून फुटते, आणि ऑक्सिजन नसतानाही त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. ज्या वायूची चाहूल लागताच जंतू आवराआवरीला लागतो, तोच वायू मोठ्या मात्रेत थेट त्याच्या पोटात. ही दोन्ही औषधे असलेली सहा महिन्यांची योजना बहुऔषधरोधी क्षयासाठी भारताने २०२४ साली मान्य केली. त्या रुग्णांना पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत.

साध्या क्षयासाठी चार महिन्यांची एक योजना २०२१ साली मोठ्या चाचणीत सहा महिन्यांच्या तोडीची ठरली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातला सर्वसाधारण उपचार मात्र अजून सहा महिन्यांचा आहे. पहिल्या दोन महिन्यांत वाढणारे जंतू संपतात आणि माणसाला बरे वाटते. उरलेले चार महिने, गाठीतला एखादा जंतू बटण बंद करून वाढू लागेल त्या दिवशी रक्तात औषध असावे, म्हणून असतात. त्या रिक्षावाल्याला मी हे एवढेच सांगितले, हीम आणि फॉस्फेट वगळून. दुसऱ्या खेपेला त्याने एकही दिवस चुकवला नाही. त्याची धाकटी बहीण त्याच खोलीत झोपते. तिची तपासणी करून घ्या, हे सांगायला पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो.